फरशीखालचं पाणी

ऑक्टोबरच्या अखेरीला एक दिवस असा येतो की घर खाकरतं. उन्हाळाभर गप्प बसलेली, घर तापवणारी फर्नेस तळघरात सुरू होते, भिंतींमधल्या पत्र्याच्या नळ्या तडतडतात आणि जमिनीतल्या जाळ्यांमधून जळक्या धुळीचा वास वर येतो. परदेशातल्या आमच्या या नोव्हाय गावात हिवाळा लागतो तो या वासाने. पानं गळतात, भोपळे पायऱ्यांवर येऊन बसतात, तरी वास येईपर्यंत मन मानत नाही.

यंदा तो आला तेव्हा मी भाजी चिरत होते. सुरी तशीच ठेवून मागच्या खोलीत गेले, भिंतीवरचं बटण दाबलं आणि अनवाणी उभी राहिले. आधी तळव्यांना गारठा चावला. मग हळूहळू फरशीत जीव आल्यासारखं वाटलं. कोमट, मग ऊबदार, उन्हात पडलेल्या दगडासारखी. दर वर्षी हे मी करते आणि दर वर्षी थोडी घाबरते. थंड वस्तू थंड असावी. तिने आपल्या पायाखाली गुपचूप गरम व्हावं, हे अजून माझ्या अंगवळणी पडलेलं नाही.

या खोलीत अण्णा राहिले होते. एकच हिवाळा.

अण्णा म्हणजे माझे वडील. भंडाऱ्याकडे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. उभा जन्म कालव्याच्या काठाने सायकल हाकण्यात गेला. कुठे पाणी झिरपतंय, कुठे भराव खचतोय, कुठे कुणी चोरून पाट फोडलाय, हे ते काठावर उभे राहून नुसतं ऐकून सांगत. लहानपणी मला ती जादू वाटायची. आई गेल्यावर ते एकटे उरले, आणि मग शेजारच्या काकूंचे फोन यायला लागले. अण्णा गॅस चालू ठेवून बाहेर पडतात. अण्णांनी आज आपल्याच गल्लीत आपलंच घर विचारलं. मी त्यांची एकुलती एक. गेले आणि व्हिसावर मिळाले तेवढ्या महिन्यांसाठी त्यांना इकडे घेऊन आले.

जिना चढवेना म्हणून त्यांना ही मागची खोली दिली. आमच्या आधीच्या मालकांनी ती घराला मागाहून जोडलेली आहे. बाकी घराखाली तळघर आहे, हिच्याखाली नुसती जमीन, त्यावर काँक्रीट आणि वर राखाडी टाइल्स. एका बाजूला काचेचं सरकतं दार, त्यापुढे लॉन, आणि लॉन उतरून गेलं की आमच्या सबडिव्हिजनचं, म्हणजे वसाहतीचं, तळं. पावसाचं पाणी साठवायला बिल्डर अशी तळी खणतात आणि नंतर त्यांना 'व्ह्यू' म्हणून विकतात. रस्त्यांवरचं पाणी जमिनीखालच्या नळांतून येतं आणि सिमेंटच्या एका जाळीदार तोंडातून तळ्यात पडतं. अण्णांनी आल्या दिवशी काचेतून ते तोंड पाहिलं आणि विचारलं, "गेटवर कोण असते इथं?"

"कुणी नसतं, अण्णा."

"कोणी नसते म्हणजे?" ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी एखादं लहान मूल रस्त्यावर सोडून आले होते.

फर्नेसची ऊब या खोलीपर्यंत येता येता दमून जायची. हवा जरा तरी ऊबदार असे, पण फरशी म्हणजे बर्फाची लादी. आणि अण्णांनी घरात कधी पायात काही घातलेलं नाही. मोजे दिले, ते उशाखाली गेले. लोकरीच्या सपाता दिल्या, त्या दाराशी जोडून ठेवलेल्या, पाहुण्यांच्या असाव्यात तशा. एका सकाळी मी त्यांच्या पायांना तेल लावायला बसले, तर तळवे निळसर आणि दगडासारखे गार.

"अण्णा, थंडी नाही वाजत पायांना?"

"कायची थंडी? मले तर काहीच वाटून नाही राहिलं."

मधुमेहाने त्यांच्या पायांतली जाणीव कधीच नेली होती. ते जमिनीवर उभे होते आणि जमीन त्यांना कळत नव्हती.

म्हणून फरशी तापवायचं ठरलं. आणि ठरल्याबरोबर आमच्या घरात दोन पक्ष झाले.

निरंजन, माझा नवरा, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. त्याचं मत विजेच्या बाजूने. टाइल्सखाली जाळी पसरायची, तिच्यात वायर विणलेली असते, बटण दाबलं की लगेच गरम. "सिंपल आहे गं. फरशी फक्त अर्धा इंच वर येते. पाण्याच्या पाइपचं करायचं म्हणजे वेगळा बॉयलर, वेगळा पंप, फरशी एवढी उंच होणार की दार कापावं लागेल." माझं मत पाण्याच्या बाजूने. पाण्याची फरशी तापायला अर्धा दिवस घेते, पण एकदा तापली की ऊब धरून ठेवते. इकडे बर्फाच्या पावसात तारा तुटतात, वीज जाते. वायर तेव्हाच थंड पडणार, आणि पायांचं काहीही न कळणारा माणूस तिच्यावर उभा राहणार. "आणि तुझी ती वायर जास्त तापली तर? अण्णांना चटका बसलेला कळणारही नाही," मी म्हणायचे. "त्याला सेन्सर असतो," तो म्हणायचा. असं रोज.

दुकानातून आणलेले दोन नमुने जेवायच्या टेबलावर पडलेले असत. नारिंगी वायरचा एक तुकडा आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीचं एक वेटोळं. एक दिवस जेवताना अण्णांनी ती नळी उचलली, तिचं एक तोंड कानाला लावलं आणि डोळे मिटले. जुई, आमची नऊ वर्षांची मुलगी, हसायला लागली. "आजोबा, इट्स नॉट अ फोन!"

अण्णा हसले नाहीत. नळी खाली ठेवून म्हणाले, "पाणी आहेच ना खाली. अजून कायले टाकता?"

"कुठे खाली, अण्णा?" निरंजनने विचारलं.

"माह्या खोलीत. फरशीखाली. वाहून राहिलं."

निरंजनने त्यांना समजावलं की बाकी घराच्या तळघरात एक खड्डा असतो, जमिनीतलं पाणी त्यात येतं, पंप ते बाहेर टाकतो, त्याचा आवाज असेल. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पंपाचा आवाज मले समजते. हे पंपाचं नाही. हे पाणी चालते."

त्यानंतर दुपारी मी खोलीत डोकावले की बऱ्याचदा ते फरशीवर असत. कुशीवर, पाय पोटाशी घेतलेले, कान टाइलला लावलेला. पहिल्यांदा वाटलं, पडले. धावले. त्यांनी तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. दुसऱ्या हाताने टाइलवर दोनदा टकटक केलं आणि वाट पाहिली. दाराला करतो तसं. उत्तर येईल अशी.

"कोण आहे, अण्णा?"

"दशरथ."

दशरथ मला नावाने माहीत होता. अण्णांच्या हाताखालचा पाटकरी, शेतांना पाळीपाळीने पाणी सोडणारा. मी अगदी लहान असताना तो कालव्यात बुडाला. गेट साफ करायला उतरला आणि वर आलाच नाही. पाणी बंद केलं, कालवा कोरडा केला, अण्णा मैलोन् मैल काठाने चालले. तो सापडला नाही. आमच्या घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. आई एकदाच म्हणाली होती की बुडालेला सापडला नाही तर त्याचं सुतक कधी फिटत नाही.

"तो काय म्हणतो?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"पाण्याखालची माणसं बोलत नाहीत, वैशू. ते ऐकतात."

एका दुपारी ते बाथरूममध्ये होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. बाहेर भुरभुर बर्फ पडत होता आणि त्या बर्फाने जगातले सगळे आवाज टिपून घेतले होते. मी त्यांच्या जागी आडवी झाले. टाइल गालाला चिकटली. आधी माझ्याच कानातलं रक्त ऐकू आलं. मग त्याच्याही खाली काहीतरी सरकल्यासारखं. लांब, सावकाश, थांबत नसलेलं. मी झटकन उठून बसले. गाल बधिर झाला होता. संध्याकाळी निरंजनला मी काही सांगितलं नाही. फक्त एवढं म्हणाले की पाण्याचा पाइप नको, वायरच टाकू. तो इतका खूश झाला की कारण विचारायचंच विसरला.

मग तो शनिवार. निरंजनने ऑफिसमधून थर्मल कॅमेरा आणला होता. खोलीतून ऊब कुठे गळते ते बघितल्याशिवाय वायर किती टाकायची ते ठरवता येत नाही, असं त्याचं म्हणणं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर घर ओळखू येईना. भिंती जांभळ्या, खिडक्यांच्या कडा काळ्या, दिव्याच्या जागी पिवळा गोळा. आम्ही माणसं मेणबत्त्यांसारखी जळत होतो. जुई सोफ्यावरून उठली तरी सोफ्यावर एक जुई बसलेलीच राहिली, फिकट होत होत विझली. "ओ माय गॉड, आय ॲम अ घोस्ट!" ती ओरडली आणि हात भिंतीला लावून लावून हातांचे ठसे उठवायला लागली.

अण्णांच्या फरशीवर तर पावलं उमटत होती. कुणी चाललं की मागे पिवळ्या पावलांची रांग, आणि बघता बघता ती थंडीत विरघळून जायची. अण्णांची पावलं सगळ्यात फिकट होती. ते पडद्याकडे बराच वेळ बघत होते.

"माणूस गेल्यावरही दिसते?"

"थोडा वेळ, अण्णा," निरंजन म्हणाला. "ऊब असेपर्यंत."

"पाण्यात दिसते?"

निरंजनने माझ्याकडे पाहिलं. "नाही. पाण्यात नाही दिसत."

अण्णांनी मान हलवली, जशी हिशेब जुळल्यावर हलवतात.

दुपारी निरंजन वर त्याच्या कॉलवर होता. मी किराणा घेऊन आले तेव्हा बर्फ जोरात पडायला लागला होता. पिशव्या ओट्यावर ठेवल्या, चहाचं आधण ठेवलं, अण्णांना हाक मारली. उत्तर नाही. खोलीत गेले. पलंग रिकामा. बाथरूमचं दार उघडं. काचेच्या दारावरचे पडदे थंडीमुळे ओढलेलेच होते. मी वर बघायला वळले, तेवढ्यात मागून जुई आली. कॅमेरा तिने डोळ्यांपुढे धरलेला, खेळच चालू होता.

"मम्मा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खेळातला नव्हता. "देअर्स समवन ऑन द फ्लोअर."

फरशीवर कुणी नव्हतं. मी तिच्या हातातून कॅमेरा घेतला. पडद्यावर, खोलीच्या मधोमध, एक माणूस झोपला होता. कुशीवर, पाय पोटाशी, डोकं एका बाजूला टेकलेलं. कान जिथे होता तिथे सगळ्यात उजळ. मी कॅमेरा खाली केला, राखाडी टाइल्स. वर केला, माणूस. आणि त्या माणसातून पावलं निघाली होती. फिकट, जवळ जवळ टाकलेली, काचेच्या दारावरच्या पडद्यापर्यंत. मी पडदा सारला. कॅमेऱ्यात काचेवर हाताचा पंजा उमटलेला होता, आणि मी बघत असतानाच त्याची बोटं एक एक करून विझत होती.

दार नीट लावलेलं नव्हतं. फटीतून बर्फ आत आला होता.

"पप्पाला बोलाव," मी जुईला म्हणाले आणि आहे तशी बाहेर पडले. लॉनवर पावलं होती, आता खरी, बर्फात रुतलेली, अनवाणी. त्यांच्यावर नवा बर्फ भरत चालला होता. ती कुठेही वळली नव्हती. उतारावरून सरळ खाली, तळ्याकडे.

अण्णा तळ्यावर होते. काठावर नाही, तळ्यावर. त्या सिमेंटच्या तोंडापासून थोड्या अंतरावर, गुडघे आणि हात टेकून, कान बर्फाला लावलेला. नुसता सदरा अंगावर. नळाचं पाणी जिथे येतं तिथे बर्फ कधीच धड धरत नाही, तिथे तो काळसर दिसत होता. तळं आतून कण्हत होतं. थंडीत गोठताना तळी असा आवाज करतात, हे मला नंतर कळलं. खोल, लांबलेला, एखादा मोठा प्राणी कूस बदलतो तसा. त्या वेळी मला फक्त एवढं वाटलं की खाली कुणीतरी आहे आणि ते अण्णांना ओळखतं.

"अण्णा!"

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

मी काठावरून एक पाय बर्फावर टाकला. बर्फातून एक चीर सरसर पुढे गेली, कापड फाटावं तशी. मी थिजले. मागून निरंजनचं ओरडणं ऐकू येत होतं, "वैशाली, थांब! थांब!" माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. मी लहानपणी ऐकलेल्या आवाजात, संध्याकाळी काठावरून माणसं एकमेकांना हाका मारायची त्या आवाजात, ओरडले, "अण्णा, पाळी संपली! गेट बंद झालं! दशरथ वर आला, घरी गेला!"

अण्णांनी मान उचलली. माझ्याकडे बघितलं. माझ्या पायाकडे बघितलं. मग रांगत, सावकाश, जिथून गेले होते तिथूनच परत आले. निरंजन काठावर पालथा पडला होता, त्याने त्यांचा हात धरून ओढून घेतलं. त्यांचे पाय पांढरे फटक होते, मेणाचे असावेत तसे. घोंगडीत गुंडाळून आत नेताना ते एकदाच बोलले. "कोणी काढला त्याले?"

"गाववाल्यांनी," मी म्हणाले.

डाव्या पायाची दोन बोटं गेली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ झाला असता तर पायच. अण्णांना त्याचं काही दुखलं नाही, आणि त्यांच्या जागी मी कळवळत राहिले. तळ्याच्या बाजूच्या दाराला वरून कडी बसवली. फरशीचं काम त्याच पंधरवड्यात झालं. वायरच टाकली. टाइल्स बसल्या, सुकल्या, पहिल्यांदा चालू केली त्या दिवशी निरंजनने पुन्हा कॅमेरा आणला. सगळी फरशी एकसारखी नारिंगी, कुठे एक गार कोपरा नाही. तो खूश होता. अण्णा काठी टेकत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेले. पडद्यावर मागे एकही पाऊल उमटलं नाही. जमीनच पावलांएवढी गरम झाली होती, दिसणार कुठून? मी कॅमेरा त्यांच्या मागे मागे फिरवत राहिले. या खोलीत आता कुणीही चालून जाईल, आणि आपल्याला कळायचं नाही, असं मनात आलं आणि मी तो बंद केला.

अण्णा मात्र तिथे सुखावले, असं म्हणायला हवं. पायांना रंग आला. चटई टाकून ते दुपारभर पडून राहत. कान लावणं थांबलं होतं. टकटक थांबली होती. मी निरंजनला म्हणायचे, "बघ, माझ्या एका थापेने त्यांचं इतक्या वर्षांचं ओझं उतरलं." मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटायचं. बाप बुडत होता आणि लेकीने एका वाक्यात बाहेर काढला. मराठी मंडळाच्या काकूंना मी ती गोष्ट दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

एप्रिलमध्ये त्यांचा व्हिसा संपत होता. घरी जायचं, घरी जायचं, हा धोशाही त्यांनी लावला होता. माझ्या चुलतभावाने आणि वहिनीने त्यांना आपल्याकडे ठेवून घेतलं. मी स्वतः पोचवून आले. पुढच्या वर्षी ते तिथेच गेले, भर दुपारी, झोपेत, वहिनी शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत असताना.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं इथे फरशीवर बसलो होतो. उघडी बॅग मध्ये. मी त्यांचे सदरे घड्या करत होते. तळं मोकळं झालं होतं, त्यावर हंस उतरले होते आणि कर्कश भांडत होते. अण्णांचा तो दिवस चांगला होता. त्यांनी जुईला तिच्या नावाने हाक मारली होती, सकाळी चहात साखर जास्त झाली म्हणून तक्रार केली होती. त्यांचे डोळे बऱ्याच दिवसांनी माझ्यावर येऊन थांबले होते.

"त्या दिवशी तू खोटं बोलली," ते एकदम म्हणाले.

माझे हात थांबले. "कधी, अण्णा?"

"बर्फावर. दशरथ घरी गेला म्हणे. माय, त्याले कोणी काढलं नाही. मले माहीत नाही का?"

त्यांनी रागावावं, असं वाटलं. ते रागावलेले नव्हते. बॅगेतला एक सदरा उचलून त्यांनी मांडीवर ठेवला आणि त्याची कॉलर सरळ करत राहिले.

"मग तुम्ही परत का आलात?" मी विचारलं.

त्यांनी बाहेर पाहिलं. हंस पाण्यावरून धावत होते, उडण्याआधी धावतात तसे.

"तू बर्फावर पाय ठेवला ना," ते म्हणाले. "तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"काय म्हणाला?"

"म्हणे, पोरीले येऊ दे." अण्णांनी सदऱ्याची घडी घातली आणि ती माझ्या हातात दिली. "मग मी उठलो."